पूर्वेचा ध्रुव

माझा कॅमेरा हळदीत पडलेला आहे. माझा व्हायच्या आधीच. राहात्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा तो. नवरदेवाच्या मावशीने हळदीचं पातेलं त्याच्यावर उपडं केलं आणि मागची बाणांची बटणं कायमची चिकटली. त्यामुळे त्या दिवशी आत जी सेटिंग होती तीच आजही आहे. त्यातली एक अशी, की तीस सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढला की कॅमेरा लगेच शटर बंद ठेवून तीस सेकंदांचा दुसरा फोटो काढतो. काळा. त्यात बाहेरचं काहीच नसतं, फक्त कॅमेऱ्याच्या आतला कचरा असतो. तापलेले ठिपके, लाल-निळी खरखर. हा कचरा तो पहिल्या फोटोतून वजा करतो आणि स्वच्छ फोटो पुढे करतो.

ताऱ्यांच्या रेषा काढणाऱ्याला हे परवडत नाही. रेषा काढायची तर तीस-तीस सेकंदांचे शेकडो फोटो खंड न पडता काढायचे आणि एकावर एक रचायचे. तारा सरकत जातो, त्याची रेषा होते. माझा कॅमेरा अर्धा वेळ डोळे मिटून बसतो. माझ्या रेषा तुटक येतात.

पुढचं सगळं त्याच पद्धतीने लिहिलं आहे. एकदा उघडं, एकदा बंद. फरक एवढाच की कचरा मी वजा केलेला नाही.

उघडं

मी लिडिया साळवे. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझे वडील अब्राहाम साळवे, वय एक्याऐंशी, आमच्या चर्चची घंटा बावन्न वर्षं वाजवत आले. चर्चचा टॉवर काळ्या दगडाचा, साठ फुटी, मिशनच्या काळातला. दार पश्चिमेला, फाटक दारासमोर. म्हणजे फाटकात उभं राहिलं की टॉवर बरोबर पूर्वेला येतो. एवढं लक्षात ठेवा. गावात कुणी ठेवलं नाही.

नाताळच्या आठवड्यात अंधार पडला की टॉवरच्या मागून तिकांडं वर येतं. मृगातले ते एका ओळीतले तीन तारे. पप्पा फाटकात उभे राहून बघायचे. तिकांडं टॉवरच्या खांद्यावर आलं की पहिली घंटा, आणि कॅरोलवाले गावात निघायचे. घड्याळ होतं त्यांच्याकडे. "घड्याळाला चावी कोन देतं? मीच की," म्हणायचे. "मंग मी माझंच कशाला ऐकू?"

हा टॉवर दोन जानेवारीला पाडायचं ठरलं होतं. कारण, एक तडा. तो तडा मी पाहिलाय, त्यात पोस्टकार्डसुद्धा जात नाही. खरं कारण कल्याण भिंगारदिवे. कल्याण आमच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. घोडेगाव रस्त्याला त्याचं टाइल्सचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक उभी वस्तू त्याला टाइल्स लावायची राहून गेलेली वाटते. नव्या टॉवरचं चित्र त्याने सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवलं. पांढऱ्या टाइल्स, निळी काच, वर रंग बदलणारा क्रॉस. खाली लिहिलेलं, 'ग्रँड लुक'.

मी विरोधाचं पत्र दिलं. बारा पंचांपैकी नऊ जणांनी ते उघडलं नाही, दोघांनी मलाच वाचून दाखवायला सांगितलं, आणि बारावा कल्याण. तो म्हणाला, "बाई, तुमच्या भावनांचा आदर हाय. चर्चच्या सव्वाशे वर्षांच्या स्मरणिकेच्या कव्हरवर जुन्या टावरचा फोटो टाकू की. रातचा, चांदण्यांचा. पुन्याहून मानूस बोलावलाय."

बंद

आदर हाय. माणूस गेल्यावर त्याचा फोटो मोठा करून आणतात, तो आदर.

ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाला निदान ऐकू येतं.

उघडं

पुण्याचा माणूस म्हणजे अवधूत. आडनाव तो लावत नाही. लोकांना रानात नेऊन ताऱ्यांचे फोटो शिकवतो आणि लाखभर लोक त्याचे फोटो मोबाईलवर बघतात. अंगात जॅकेट, जॅकेटला अकरा खिसे. मी मोजले. कॅमेरा डोळे मिटून बसला की मला वेळ असतो.

अमावास्येच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी माझा ट्रायपॉड आधीच फाटकात लावला होता. पप्पा मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले होते.

"नमस्कार मॅडम," तो माझ्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "हौस का?"

"हो."

"छान. ब्रह्मांडाशी बोलायला महागडं सामान लागत नाही." मग त्याने गाडीतून स्वतःचं सामान काढायला घेतलं. तीन खेपा झाल्या.

"उत्तर कुठे येते इथे?"

मी डावीकडे हात केला. "ती. चिंचेच्या मागे. झुंबरबाईच्या गोठ्यावर."

आमच्याकडे ध्रुवतारा फार वर नसतो. हात लांब करायचा आणि जमिनीच्या कडेपासून दोन मुठी मोजायच्या, की झालं. बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात. त्यामुळे फोटोत गोल हवे असतील तर तोंड उत्तरेकडे करावं लागतं. याला दुसरा मार्ग नाही.

"गोठ्यावर," तो म्हणाला.

"सात म्हशी आहेत."

"टॉवरच्या मागे नाही आणता येणार?"

"ध्रुवतारा?"

"म्हणजे आपण जागा बदलली तर."

"दक्षिणेकडून घ्यावं लागेल. तिकडे विहीर आहे. आणि तिथून दार दिसत नाही."

"कल्याणजींना दार हवंय कव्हरवर." त्याने जॅकेटच्या एका खिशातून हातमोजे काढले. "इथून काय मिळेल?"

"सरळ रेषा. वर चढताना जरा उजवीकडे कललेल्या. तिकांड्याच्या तीन तर अगदी पट्टीने ओढल्यासारख्या."

तो हसला. "मॅडम, सरळ रेषा कोण बघतं?"

सव्वासातला दोघांनी सुरुवात केली. गळीत हंगाम चालू होता. दर पाच मिनिटांनी उसाचा ट्रॅक्टर यायचा, मागे दोन ट्रॉल्या, स्पीकरवर गाणं, आणि हेडलाइट सरळ टॉवरवर. प्रत्येक वेळी अवधूत "अरे यार" म्हणायचा. सहाव्या ट्रॅक्टरनंतर त्याने यारही सोडलं. पावणेआठला पप्पा खुर्चीतून म्हणाले, "आलं." तिकांडं टॉवरच्या खांद्यावर होतं. अवधूत तेव्हा कॅमेरा पिशवीत भरत होता.

"झालं?" मी विचारलं.

"बाकीचं घरी करू. थंडी काय आहे तुमच्याकडे."

मी दहापर्यंत थांबले.

बंद

आकाश बघायला दीडशे किलोमीटरवरून आला आणि अर्ध्या तासात आकाशाला कंटाळला.

मी हे त्याच्या तोंडावर म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. माणसाला वेळच्या वेळी बोलून टाकलं की पुढे ते साठत नाही.

उघडं

चौथ्या दिवशी फोटो आला. खाली आमचा टॉवर, दार, दारावरची कोरलेली फरशी, सगळं स्वच्छ. आणि वर गोल. शेकडो गोल, एकात एक, आणि त्यांचा मध्य नेमका टॉवरच्या टोकावर, जणू टॉवरच्या खिळ्यावर आभाळ टांगून कुणी फिरवून दिलंय.

शाळेत मुलं कंपासचं टोक कागदाबाहेर रोवतात तेव्हा मी गुण कापते. याने ध्रुवतारा पूर्वेला रोवला होता. गोलांचा मध्यही आमच्याकडे असतो त्याच्यापेक्षा बराच उंच. ते गोल बऱ्याच उत्तरेकडचे होते, लडाखकडचे असावेत. तिथल्या कुठल्या तरी सहलीतले उचलून आमच्या डोक्यावर ठेवले होते.

तीन दिवसांत चार लाख लोकांनी तो बघितला. 'अंगावर काटा आला.' 'देव आहे.' 'लोकेशन प्लीज.' चार लाखांत एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हे दार कुठल्या दिशेला आहे.

पप्पांना दाखवला. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते करू देत नाहीत. मोबाईल चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"हा आपला टावर?"

"हो."

"मंग वर जत्रंतला पाळना कुनी लावला?"

मी माझा फोटो दाखवला. ट्रॅक्टरच्या उजेडाने टॉवर एका बाजूने पिवळा झालेला. त्याच्या मागून तीन रेषा चढत गेलेल्या, सरळ, समांतर, आणि तुटक. झुंबरबाई दूध घालायला आली होती, ती वाकून म्हणाली, "आभाळाला धावदोरा घातलाय जनू. गोधडीला घालत्यात तसा."

"तिकांडं हाय ते," पप्पा म्हणाले. "हेच बरोबर हाय."

मी तो चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एक अंगठा आला. तो अंगठा माझ्या चुलतबहिणीचा होता आणि ती प्रत्येक गोष्टीला अंगठा देते.

बंद

हेवा होता का? होता.

तो बाजूला काढला तरी खाली जे उरतं ते हेव्याहून जुनं आहे. डोळे असून न बघणाऱ्या माणसांविषयी मला जे वाटतं ते मी वर्गात लपवते, चर्चमध्ये लपवते, घरी लपवायचं कारण नसतं.

उघडं

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून गाड्या येऊ लागल्या. नगर, संभाजीनगर, एक तर थेट नाशिकची. लोक दिवसाउजेडी यायचे, टॉवरकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायचे आणि विचारायचे, "ते गोल किती वाजता सुरू होतात?" चहाची टपरी लागली. कुठल्याशा पुढाऱ्याने 'आमच्या भागाचं वैभव' म्हणून तो फोटो स्वतःच्या नावाखाली लावला.

कल्याण बदलला. त्याच्यात बदलायला काही नव्हतं म्हणून त्याला वेळ लागला नाही. टॉवर म्हणजे आपली ओळख, असं तो बोलू लागला. अठ्ठावीस तारखेला, रविवारच्या उपासनेनंतर, कमिटी बसली. टॉवर पाडायचा ठराव मागे घ्यायचा का, एवढा एकच विषय. मंडळीतले पन्नासेक लोक भिंतीला टेकून उभे होते. पप्पा पहिल्या बाकावर.

मला त्या टॉवरखेरीज काहीही नको होतं. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते बघून कुणालाही शंका येईल.

हनुमंत पाटोळे उठला. तोही पंच, आणि नव्या टॉवरचं बांधकाम त्यालाच मिळालेलं.

"फोटो बनावट हाय," तो म्हणाला. "माझा पुतन्या म्हनतो, काम्प्युटरवर केल्यात चांदन्या. उद्या पेपरात आलं तर मंडळीची अब्रू जाईल. खोट्या फोटोपायी ठराव फिरवायचा का?"

कुजबुज झाली. कल्याणने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"बाई सायन्सच्या हायेत," तो म्हणाला. "आन त्या रात्री हजर हुत्या. बाईंनी सांगावं."

मी उभी राहिले. समोर टेबलावर पवित्र शास्त्र होतं, त्याच्यावर कुणाचा तरी चष्मा.

"तारे खरे आहेत," मी म्हणाले.

"तारे खरेच असत्यात," हनुमंत म्हणाला. "हितले हायेत का?"

पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. त्या खिडकीतून टॉवरचा पाया दिसतो.

"इथलेच आहेत," मी म्हणाले.

"गोल फिरत्यात हितं?"

"फिरतात."

सात विरुद्ध पाच. टॉवर राहिला.

बंद

उघडं

एकतीस डिसेंबरला वर्षाच्या शेवटच्या उपासनेआधी घंटा होते. बावन्न वर्षं ती पप्पांनी चुकवली नाही, आई गेली त्या वर्षीसुद्धा. त्या रात्री मी त्यांचा स्वेटर आणि मफलर काढून ठेवला. ते पलंगावर बसून राहिले.

"चला पप्पा. वेळ झाली."

"कशावरून म्हनतीस?"

"म्हणजे?"

"तिकांडं माथ्यावरून कललं का, ते बघून मी वाजवतो. तू तर समद्यांम्होरं सांगितलंस, हितं तारे गोल फिरत्यात. मंग मी कुनाकडं बघून वाजवू?"

"टॉवर वाचला की नाही?"

"वाचला."

"मग?"

"मंग काय. वाचला की." त्यांनी पाय वर घेतले आणि पांघरूण ओढलं. "तू वाजव. तुला येतंय."

मी गेले. दोर थंड होता. मोबाईलवर साडेअकरा वाजलेले बघून मी घंटा वाजवली. बाहेर सगळे म्हणाले, छान वाजली, अब्राहामदादांचा हात अजून तसाच आहे.

बंद

पन्नास माणसं. हात ओळखता येत नाही, दिशा ओळखता येत नाही. यांच्यासाठी खोटं बोलताना मला किती कमी लागलं.

म्हाताऱ्याचा राग आला तो वेगळा. दगड वाचवायला मी जीभ विटाळली आणि हा मला सोवळं शिकवतोय. सोवळं हा आमच्या घरातला शब्दही नव्हे.

उघडं

जानेवारीच्या अमावास्येला अवधूत परत आला. या वेळी अकरा माणसं घेऊन. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल दिवा, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट. खिसे थोडे कमी. कल्याणने अंगणात खुर्च्या मांडल्या, चहाचा थर्मास ठेवला, आणि 'मंडळीच्या वतीने' मला हजर राहायला सांगितलं. पप्पा घरी होते. एकतीस तारखेपासून ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होते.

अकरा ट्रायपॉड ओळीने लागले, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. तिकांडं केव्हाच वर गेलेलं. दीड तास शटरांची टकटक चालली. मग प्रत्येकाने लॅपटॉपवर स्वतःचे फोटो रचून बघायला घेतले.

ते चालू असताना अवधूतने आपला टॅब वर धरला. "जरा इकडे बघा. नवशिक्यांची चूक काय असते ते दाखवतो. नाव नाही घेत."

टॅबवर माझा फोटो होता. कल्याणने पाठवला असणार.

"हे बघा. तुटक. सेटिंग चुकलं की असं होतं. ब्रह्मांडात खंड नसतो मित्रांनो, खंड आपल्यात असतो."

अकरा जण हसले. फार नाही, चहा पिता पिता हसतात तेवढं. नाव न घेता माझ्याकडे बघायचं हे त्याला चांगलं जमलं. इथपर्यंत मी गप्पच होते.

शेवटच्या ट्रायपॉडजवळ एक बाई होती, मनवा, नगरला बँकेत नोकरी करणारी, डोक्याला लोकरी टोपी. ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. म्हणाली, "सर, माझे गोल येत नाहीयेत."

"ट्रायपॉड हलला असेल."

"मधले सरळ आहेत. डावीकडचे डावीकडे वाकलेत, उजवीकडचे उजवीकडे."

"हललाच असेल मग."

"यांचेही तसेच आहेत सर." तिने शेजारच्याकडे बोट केलं. "त्यांचेही. अकरा जणांचे ट्रायपॉड सारखेच हलले का?"

"गोल उमलायला वेळ लागतो मनवा. घरी गेल्यावर मी एक फाइल पाठवतो, ती वर ठेवायची. सगळे तसंच करतात." मग तो वळला. "आणि शंका असेल तर मॅडमना विचारा. त्या सायन्सच्या आहेत. त्यांनीच कमिटीत सांगितलंय, गोल इथलेच आहेत म्हणून."

आणि तो माझ्याकडे बघून हसला. आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं. तू आणि मी, आपल्याला माहीत आहे.

कल्याण थर्मास घेऊन शेजारी उभा होता. मी काय बोलले तर काय होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. सात विरुद्ध पाच. दोन जण इकडून तिकडे गेले की झालं.

"मनवाताई," मी म्हणाले, "सरांना विचारा, उत्तर कुठे आहे."

"मॅडम, टेक्निकलमध्ये नको जायला आता," अवधूत म्हणाला.

"हात लांब करा. मूठ वळा. जमिनीच्या कडेवर ठेवा. त्याच्यावर दुसरी मूठ. नाही, तिकडे नाही. इकडे वळा. चिंचेकडे."

ती वळली. मूठ, मूठ.

"दुसऱ्या मुठीवर तारा दिसतो?"

"एक आहे. फार चमकत नाही."

"तोच. तो हलत नाही, बाकी सगळे त्याच्याभोवती फिरतात. टॉवर पूर्वेला आहे. पूर्वेला तारे उगवतात. तुमचा फोटो बरोबर आहे. अकरा जणांचे बरोबर आहेत. चुकीचा फक्त सरांचा आहे. ते गोल इथले नाहीत, लडाखकडचे असावेत."

मग एकेकाने मूठ पुढे केली. अकरा माणसं अंधारात हवेला गुद्दे देत उभी होती. ट्रायपॉडचे पाय खरडले. एकेक करून सगळे वळले, टॉवरकडे पाठ करून, झुंबरबाईच्या गोठ्याकडे तोंड करून.

अवधूत हातमोजे घालत होता. "चला," तो मोठ्याने म्हणाला, "आज आपण जरा ग्रामीण पार्श्वभूमी करून बघू."

चिंचेखालून झुंबरबाईचा आवाज आला. "लाल बत्त्या मारू नका रं माझ्या म्हशींवर. पान्हा चोरत्यात."

कल्याणच्या हातातला थर्मास तसाच होता. "बाई," तो हळू म्हणाला, "तुमी तर डिशेंबरात म्हनला हुतात..."

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते."

बंद

हे खरेपणाने झालं नाही. तसं कुणी समजू नये.

खरेपणा असता तर अठ्ठावीस डिसेंबरला झाला असता, पवित्र शास्त्रासमोर, बापासमोर. तिथे झाला नाही. झाला तो एका हसण्यापायी. त्याने मला आपल्यात मोजलं. टॉवर पडला तरी चालेल, पण या माणसाच्या रांगेत मी उभी राहणार नाही, असं मला वाटलं, आणि हे वाटायला अर्धा सेकंदही लागला नाही. एकशे पंचवीस वर्षांचा दगड एका पारड्यात आणि माझं नाक दुसऱ्यात.

हा ठिपका मी कितीदा वजा करून पाहिला. जात नाही.

उघडं

रविवारी कमिटी पाच मिनिटं बसली. हनुमंतने एकच वाक्य म्हटलं, "बाई कवा खरं बोलत्यात ते आधी ठरवा." लोक हसले, आणि त्यांचं बरोबर होतं. दहा विरुद्ध दोन. त्या दोघांनी माझ्या बाजूने मत का दिलं ते मी विचारलं नाही. एकाला बहुधा विषय कळला नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टॉवर पडला. ब्रेकर लावलेलं जेसीबी दोन दिवस लागलं. तड्याच्या जागी सुरुवात केली होती, तिथलाच दगड सर्वांत शेवटी फुटला. हनुमंत म्हणाला, जुनं काम दणकट हुतं. म्हणताना त्याला काहीही वाटलं नाही.

घंटा उतरवून लोखंडी अँगलच्या स्टँडवर टांगली आहे, माणसाच्या उंचीवर. मोटारसायकलवरून जाणारं कुणीही वाजवून जातं.

मनवाने फोटो पाठवला. झुंबरबाईचा गोठा, सात म्हशी, वर गोल. अखंड, नितळ, एकाही ट्रॅक्टरचा उजेड नाही. फोटो उत्तम आहे, मला त्यात एक चूक सापडली नाही आणि मी बराच वेळ शोधली. आता गाड्या तिकडे वळतात. झुंबरबाईने रस्त्याच्या बाजूला ताडपत्री बांधली आहे.

टॉवर पडला त्या संध्याकाळी पप्पा फाटकापर्यंत आले. चार आठवड्यांत पहिल्यांदा. पूर्वेला साखर कारखान्याचा उजेड दिसत होता. तो आधीही असायचा, टॉवरच्या आड असायचा.

"मला त्या कल्याननं सांगितलं," ते म्हणाले. "तू बोललीस म्हनून. का बोललीस?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तवा बी हुतं."

त्यांनी फाटकाच्या गजाला धरून मान वर केली. तिकांडं डोक्याकडे निघालं होतं, त्याच्याखाली काही नव्हतं.

"आता डिशेंबरातच सापडंल ते खाली," म्हणाले. "कशावरनं वर येतंय बघू."

"टाइल्सवरून," मी म्हणाले.